सूचकाची सही, सूचकाचा अंगठा

पीएच.डी. कशावर करतेस, असं गावाकडे कुणी विचारलं की मी हल्ली सरळ सांगते, "उमेदवारी अर्जावर." मग ठरलेला प्रश्न येतो, "उभी राहणार आहेस की काय?" नाही, उभी राहणार नाही. माझा विषय आहे माणसाची ओळख सरकारी कागदावर कशी पटवली जाते, आणि त्यात सही आणि अंगठा यांना कधी, किती वजन मिळालं. उमेदवारी अर्ज हा त्यातला एक छोटा कप्पा. पण तो उघडला आणि त्यातून बाहेर पडायला मला दीड वर्ष लागलं, म्हणून आज त्याबद्दल लिहिते आहे.

आधी एक खुलासा. मी ज्या कर्जतबद्दल बोलते आहे ते रायगडातलं, उल्हास नदीकाठचं. नगर जिल्ह्यात दुसरं कर्जत आहे आणि निवडणुकीचे जुने तक्ते चाळताना या दोन कर्जतांनी माझे बरेच दिवस खाल्ले. त्यात आपल्याकडच्या मतदारसंघाचं नाव २००८ च्या पुनर्रचनेआधी 'खालापूर' होतं. आता तो १८९ कर्जत. कर्जत तालुक्यातली आणि खालापूर तालुक्याच्या काही भागातली माणसं विधानसभेसाठी याच मतदारसंघात मत देतात, आणि लोकसभेसाठी २००९ पासून मावळला, म्हणजे घाटावरच्या पिंपरी-चिंचवडसोबत.

२०२४ च्या विधानसभेचे अर्ज भरायची मुदत २२ ते २९ ऑक्टोबर होती आणि छाननी ३० ऑक्टोबरला. दिवाळी दोन दिवसांवर. आणि आपल्याकडे ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा म्हणजे काय, हे भाताच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. कापणी चालू, खळी तयार, मजूर मिळत नाही. छाननीच्या दिवशी मी कर्जतला प्रांत कचेरीच्या बाहेर चहाच्या टपरीवर बसून होते. आत जाता येत नाही. छाननीच्या खोलीत उमेदवार, त्याचा निवडणूक प्रतिनिधी, एक सूचक आणि उमेदवाराने लेखी अधिकार दिलेली आणखी एक व्यक्ती, एवढ्यांनाच प्रवेश असतो. संशोधकाला त्यात जागा नाही. पण बाहेरच्या फलकावर अर्जांची सूचना लावलेली असते आणि तिच्यात उमेदवाराबरोबर सूचकांचाही तपशील द्यावा, असं कायदाच सांगतो. कोणी कोणासाठी सही केली ते गावाला कळतं. गुप्त मतदानाच्या देशात ही एक उघड गोष्ट आहे, आणि छोट्या वाडीत ती फार उघड असते.

आता सूचक म्हणजे नक्की कोण? तुमचं नाव सुचवणारा, त्याच मतदारसंघाच्या यादीत नाव असलेला मतदार. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार असेल तर एक सूचक पुरतो. अपक्ष असेल किंवा नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाचा असेल, तर दहा लागतात. विधानसभेच्या अर्जाचा नमुना २-ब पाहिलात तर त्याचा दुसरा भाग या दहा जणांसाठी असतो. यादीचा भाग क्रमांक, त्या भागातला अनुक्रमांक, पूर्ण नाव, सही, तारीख. दहा ओळींचा तक्ता.

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत उमेदवाराला हजारो सह्या गोळा कराव्या लागतात आणि मतदार नोंदणीच्या वेळच्या सहीशी त्या ताडून पाहिल्या जातात. त्या मानाने आपले दहा म्हणजे काहीच नाही. ब्रिटनमध्ये १८७२ च्या बॅलट कायद्याने सूचक, अनुमोदक आणि आणखी आठ अशा दहा जणांची पद्धत बसवली. त्याआधी तिथे उघड्या मांडवावर तोंडी नाव सुचवायचे आणि जमाव हात वर करायचा. आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात सुरुवातीला एक सूचक आणि एक अनुमोदक होता. १९५६ च्या दुरुस्तीत अनुमोदक गेला. मग चाळीस वर्षं एकच सूचक.

दहा आले १९९६ मध्ये, आणि ते का आले याची कथा मजेदार आहे. त्या वर्षी लोकसभेला देशभरात १३,९५२ उमेदवार उभे राहिले. आंध्रातल्या नलगोंडा मतदारसंघात फ्लोराइडच्या पाण्याने गांजलेल्या लोकांनी लक्ष वेधण्यासाठी अर्जांचा पाऊस पाडला, ४८० उमेदवार झाले. तमिळनाडूत मोडकुरिची या विधानसभा मतदारसंघात तर १,०३३. मतपत्रिका कसली, पुस्तकच छापावं लागलं. त्याच वर्षी कायदा बदलला. विधानसभेची अनामत २५० रुपयांवरून ५,००० झाली (आज ती १०,००० आहे, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मी) आणि अपक्षाला दहा सूचक आले. १९९८ ला लोकसभेचे उमेदवार ४,७५० वर उतरले.

म्हणजे दहा सह्या हा आधार तपासायचा उपाय होता. या माणसाच्या मागे निदान दहा मतदार आहेत का, एवढंच बघायचं. त्याने गंभीर नसलेले उमेदवार थांबले का? रायगडकरांना २०१४ आठवत असेल. लोकसभेला अनंत गीते २,११० मतांनी निवडून आले, सुनील तटकरे हरले, आणि तटकरेंच्याच नावाच्या एका अपक्षाला ९,८४९ मतं पडली. त्या अपक्षालाही दहा सूचक लागलेच असणार आणि ते मिळाले. सह्या जमवणं ज्याला परवडतं त्याला ती अडचण नसते. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी दहाच्या बाजूने किंवा विरोधात बोलते आहे असं वाटायला नको. मला रस आहे त्या दहा ओळींतल्या 'सही' या रकान्यात.

ती सही कोण तपासतं?

अर्ज दाखल करताना (सकाळी ११ ते दुपारी ३, उमेदवाराने किंवा सूचकाने स्वतः आणून द्यायचा) निवडणूक निर्णय अधिकारी काय बघतो, ते कायद्यात लिहिलं आहे. उमेदवाराचं आणि सूचकांचं नाव आणि यादीतला क्रमांक जुळतो का, हे. किरकोळ लेखनदोष असेल तर तो दुरुस्त करू द्यायचा. सहीबद्दल तिथे काही नाही. आणि असणार तरी कसं? मतदार यादीत नाव आहे, वय आहे, आता फोटोही आहे, पण सहीचा नमुना नाही. ताडून बघायला समोर दुसरी सही असायला हवी ना. बँकेत ती असते. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर नसते.

सूचकांना तिथे हजर राहायची सक्तीही नाही. घरी बसून, शेताच्या बांधावर, लग्नाच्या मांडवात सही केली तरी चालते. छाननीच्या दिवशी कुणी आक्षेप घेतला की 'ही सही खरी नाही', तर मात्र कलम ३६ प्रमाणे अधिकारी संक्षिप्त चौकशी करतो. आक्षेप खोडून काढायला उमेदवाराला फार तर एक दिवस सोडून पुढच्या दिवसापर्यंत मुदत मिळते. आक्षेप नसेल तर अर्ज खरा आहे असंच धरून चालायचं. थोडक्यात, लिहिलेल्या सहीवर कायदा विश्वास ठेवतो, कुणी बोट दाखवेपर्यंत.

आणि अंगठा? तिथे विश्वास नाही. १९६१ च्या निवडणूक नियमांतला दुसरा नियम म्हणतो की ज्याला आपलं नाव लिहिता येत नाही त्याने निशाणी केली तर ती सही धरली जाईल, पण कधी? निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा आयोगाने नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर केली असेल, त्या अधिकाऱ्याची ओळखीबद्दल खात्री पटली असेल आणि त्याने ती निशाणी याच माणसाची म्हणून साक्षांकित केली असेल, तेव्हाच. नाहीतर तो कागदावरचा शाईचा डाग.

हा फरक मला पहिल्यांदा वाचला तेव्हा सरळसरळ अन्याय वाटला. शिकलेल्याने घरी बसून सही करावी आणि न शिकलेल्याने कचेरीत यावं. खांडसच्या पलीकडे, भीमाशंकरच्या पायथ्याच्या वाडीतल्या माणसाला कर्जतला यायचं म्हणजे कापणीतला एक दिवस मोडायचा. जीपचं भाडं, एसटीची वाट, दिवसाची मजुरी. लोकसभेला तर मावळचे अर्ज घाटावर आकुर्डीला घेतले जात होते, म्हणजे बोरघाट चढून जायचं. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या खर्ड्यात मी या नियमावर दोन रागीट पानं लिहिली होती. मार्गदर्शकांनी समासात एवढंच लिहिलं: "हा नियम कुठून आला ते शोधलंस का?"

शोधायला गेले ती थेट निशाण्यांपर्यंत पोहोचले. शिवकाल-पेशवेकालातल्या महजरांच्या शेवटी, गोतसभेला बसलेल्या लोकांची नावं असतात आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या नावापुढे व्यवसायाची खूण. कुणब्याचा, पाटलाचा नांगर. शेट्याचा तराजू. न्हाव्याचा आरसा. 'निशाणी नांगर' हे आज विनोदी वाटतं, पण त्या कागदावर ते चालायचं, कारण सभा समोर बसलेली असे. नांगराचं चित्र एका माणसाला दुसऱ्यापासून वेगळं करत नव्हतंच. सगळ्या कुणब्यांचा नांगर सारखाच. माणूस ओळखला जायचा चारचौघांच्या डोळ्यांनी, आणि निशाणी फक्त सांगायची की तो तिथे होता.

इंग्रजी अमलात कागद गावाबाहेर पडला. सावकाराचं खत तालुक्याच्या कोर्टात गेलं, तिथल्या मुन्सफाने ना गाव पाहिलेलं ना माणूस. खतावर लिहिणाराच कुळाची निशाणी करून मोकळा होतो, ही तक्रार इतकी वाढली की १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांत लोकांनी पुणे आणि नगर भागांत सावकारांची खतं हिसकावून जाळली. माणसांपेक्षा कागदांवर राग. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला, आणि त्यातली एक तरतूद अशी की शेतकऱ्याने खत करायचं ते गावच्या निबंधकासमोर. म्हणजे सरकारने नेमलेल्या माणसाने बघायचं की हा तोच माणूस आहे, त्याला मजकूर समजला आहे आणि निशाणी त्यानेच केली आहे. हा कायदा आधी पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांपुरता होता. आपलं कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, कुलाब्यात ते १८९१ ला आलं.

लिहिता न येणाऱ्याच्या निशाणीला अधिकाऱ्याची साक्ष हवी, या कल्पनेचं हे एक मूळ मला सापडलं. ती त्याला अडवण्यासाठी नव्हती. त्याच्या नावावर दुसऱ्याने काही खपवू नये म्हणून होती. कर्जत तालुक्यात भाई कोतवालांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, धान्याची कोठारं उभी केली, त्यामागेही सावकाराच्या कागदाची हीच भीती होती असं मला वाटतं. (कोतवाल स्वतः वकिली शिकलेले, माथेरानचे. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हुतात्मा झाले. इकडे त्यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण बहुतेक वेळा फक्त बंदुकीच्या गोष्टीसह.)

दुसरं मूळ बंगालमधलं. १८५८ मध्ये जंगीपूरचा इंग्रज अधिकारी विल्यम हर्शेल याने रस्त्याच्या खडीचा ठेका देताना ठेकेदार राज्यधर कोनाई याच्या पंजाचा शाईचा ठसा करारावर घेतला. कशासाठी? गुन्हेगार पकडण्यासाठी नाही, तो विचार फार नंतरचा. कलकत्त्याला बोटांच्या ठशांची कचेरी निघाली १८९७ मध्ये. हर्शेलला वैताग होता तो लोक उद्या येऊन 'ही सही माझी नाहीच' म्हणतात याचा. पंजा उमटवला की माणूस घाबरेल आणि नाकारणार नाही, एवढाच त्याचा हिशोब. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

आता १९५१ कडे. प्रौढ मताधिकार आला तेव्हा देशात साक्षरता होती साधारण १८ टक्के. मतदानाची सगळी रचना निरक्षराला धरून केली गेली. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह, मतदाराने काही लिहायचं नाही, खूणसुद्धा करायची नाही, कागद पेटीत टाकायचा. उमेदवारालाही शिक्षणाची अट नाही. पण अर्जावर सूचक-अनुमोदकांच्या सह्या हव्यात, आणि तिथे निशाणीचा नियम आला.

पहिल्याच निवडणुकीत तो अडला. पंजाब विधानसभेच्या एका मतदारसंघात काही सूचक-अनुमोदकांनी अंगठे केले होते. अंगठे खरे होते, पण साक्षांकन नव्हतं. अधिकाऱ्याने अर्ज फेटाळले. रतन अनमोल सिंग विरुद्ध आत्मा राम या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९५४ मध्ये निकाल लागला. लिहिला न्यायमूर्ती विवियन बोस यांनी, जे आधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. युक्तिवाद असा होता की हा किरकोळ तांत्रिक दोष आहे, आणि किरकोळ दोषासाठी अर्ज फेटाळू नये असं कायदाच म्हणतो. बोस यांनी तो मानला नाही. कायद्याने लिहिता येणाऱ्याला आणि न येणाऱ्याला वेगळं वागवायचं ठरवलं आहे, साक्षांकन हा निशाणीचा गाभा आहे, आणि ते अर्ज देतानाच झालेलं असायला हवं. छाननीच्या दिवशी मागाहून जोडता येणार नाही, जशी विसरलेली सही मागाहून करता येत नाही तशीच. अर्ज फेटाळणं योग्य ठरलं.

मी हा निकाल पुन्हा पुन्हा वाचला. त्यातला तर्क घट्ट आहे. पण एक गोष्ट मला सलते. पुढे मतदान केंद्रांवर नोंदवहीत सही किंवा अंगठा घेण्याची पद्धत आली, तेव्हा याच नियमांत एक छोटं उपकलम घातलं गेलं, ४९-ठ मध्ये: मतदाराच्या अंगठ्याचं साक्षांकन करायची गरज नाही. कारण उघड आहे. दर अंगठ्याला साक्षांकन म्हटलं तर रांग संध्याकाळपर्यंत सरकणार नाही. म्हणजे नियम सैल करता येतो, जिथे सरकारची अडचण होते तिथे. दहा सूचकांच्या वेळी अडचण होते ती सूचकांची.

आणि अर्ज फेटाळला तर? लगेच दाद नाही. १९५२ च्या जानेवारीत, पहिल्या निवडणुका चालू असतानाच, पोन्नुस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मधेच कोर्टात येता येणार नाही, निवडणूक संपू द्या, मग निवडणूक याचिका करा. आज ती उच्च न्यायालयात, निकालापासून ४५ दिवसांत. अर्ज चुकीने फेटाळला होता हे सिद्ध झालं तर सगळी निवडणूक रद्द होते, फरक पडला असता का हे दाखवावं लागत नाही. ही तरतूद मोठी आहे. पण मुंबईच्या कोर्टात वकील लावून वर्षंवर्षं लढायची ताकद ज्याच्यात आहे त्याच्यासाठी. कातकरी वाडीतून उभा राहणारा अपक्ष तोपर्यंत वीटभट्टीवर गेलेला असतो.

इथपर्यंत माझा राग शाबूत होता. मग २०२४ चा एप्रिल आला.

मावळचे अर्ज १८ ते २५ एप्रिलला भरले जात होते. त्याच आठवड्यात सुरतमध्ये काँग्रेसचे उमेदवार नीलेश कुंभाणी यांच्या तिन्ही अर्जांवरच्या सूचकांनी शपथपत्रं दिली की या सह्या आमच्या नाहीत. एकेका अर्जावर एकेक सूचक, कारण पक्ष मान्यताप्राप्त. उमेदवार सूचकांना अधिकाऱ्यासमोर आणू शकला नाही. २१ एप्रिलला अर्ज फेटाळले गेले. पर्यायी उमेदवाराचा अर्जही त्याच कारणाने गेला. दुसऱ्या दिवशी उरलेल्यांनी माघार घेतली आणि भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध खासदार झाले. लाखो मतदारांच्या शहरात मतदानच झालं नाही.

कोण खरं, कोण खोटं, यात मी पडत नाही. मला दिसलं ते वेगळंच. त्या सगळ्या लिहिलेल्या सह्या होत्या. ज्यांच्यावर कायदा आपणहून विश्वास ठेवतो तशा. आणि त्या इतक्या सहज नाकारता आल्या, कारण त्या करताना कोणी अधिकारी समोर नव्हता, ताडायला नमुना नव्हता, आणि हस्ताक्षरतज्ज्ञाला विचारायला वेळ नव्हता. त्या जागी साक्षांकित अंगठे असते तर? 'हा अंगठा माझा नाही' असं म्हणणं जवळजवळ अशक्य झालं असतं, कारण ज्याच्यासमोर आक्षेप घ्यायचा त्याच अधिकाऱ्याने खाली लिहून दिलेलं असतं की ही निशाणी माझ्यासमोर, याच माणसाने केली. हर्शेलला १८५८ मध्ये हवं होतं ते हेच.

म्हणजे ज्या नियमावर मी दोन रागीट पानं लिहिली, तो सगळ्या अर्जात सर्वांत भक्कम ओळ तयार करतो. लिहिता न येणाऱ्याची ओळ. ती पानं मी काढली नाहीत, पण त्यांच्यापुढे चार पानं जोडली. येण्याजाण्याचा भार अजूनही त्याच्यावरच आहे, ही माझी तक्रार कायम. तो भार त्याच्यावरून काढून अंगठा कमकुवत करावा, असं मात्र आता मला वाटत नाही. साक्षांकन करायला अधिकाऱ्याने वाडीजवळ यावं, निदान मंडळाच्या ठिकाणी, कशेळे, चौक, वावोशी असं. एक दिवस, जाहीर करून. शिकलेल्यांच्याही सह्या तिथेच व्हाव्यात. हे माझं मत, प्रबंधात ते तळटीपेत जाईल.

यात एक तिसरी जात आहे, जिच्याबद्दल कायदा काहीच बोलत नाही. ज्यांना फक्त सही येते. १९५९ मध्ये साताऱ्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम असो किंवा नव्वदच्या दशकातले साक्षरतेचे वर्ग, सही हा त्यांचा पहिला आणि बऱ्याचदा शेवटचा धडा. माझी आजी त्यातली. चौकजवळच्या गावात रात्रीच्या वर्गाला जाऊन ती नाव लिहायला शिकली, वयाच्या पन्नाशीनंतर. 'अंगठेबहाद्दर' हा शब्द तिने आयुष्यभर ऐकला होता. सही करायला तिला दोन मिनिटं लागतात आणि दर वेळी ती वेगळी येते. कधी काना विसरतो, कधी आडनाव ओळीखाली घसरतं. एका बँकेत एकदा तिची सही नमुन्याशी जुळली नाही. काउंटरवरच्या मुलाने शाईचा पॅड पुढे सरकवला, "आजी, अंगठा द्या, पटकन होईल." ती पैसे न घेता घरी आली.

निवडणुकीच्या अर्जात आजीची सही कुणी ताडणार नाही, ती सहज स्वीकारली जाईल. पण आक्षेप आला तर तिची सही सर्वांत आधी पडेल, कारण तीच आपली मागची सही पुन्हा तशी करू शकणार नाही. आणि अंगठा द्यायचा म्हटलं तर नियम म्हणतो, ज्याला 'नाव लिहिता येत नाही' त्याच्यासाठीच तो. तिला तर येतं. मी हे तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, साहेबासमोर दिलेला अंगठा सहीपेक्षा पक्का असतो, आजी. ती म्हणाली, "तुझ्या साहेबाला सांग, माझी सही बघायची असेल तर मी त्याच्यासमोर बसून करते. वेळ लागेल. थांबंल का तो?"

गेल्या ऑक्टोबरात खालापूर तालुक्यातल्या एका ठाकरवाडीतला तरुण माझ्याकडे आला होता. अपक्ष उभं राहायचं होतं, अनामतीचे ५,००० जमवले होते. दहा सूचकांपैकी चार जणांना लिहिता येत नव्हतं. मी त्याला सगळं सांगितलं: अंगठेवाल्यांना कर्जतला साहेबांसमोर न्यायचं, त्यांची मतदार ओळखपत्रं सोबत, आणि शक्य झालं तर सहीवाल्यांनाही घेऊन जा, सुरत विसरू नकोस. तो हिशोब करायला लागला. एक जीप, दहा जणांची दिवसाची मजुरी, वर जेवण. कापणीत दिवसाला काय दर चालला आहे ते त्यानेच मला सांगितलं. शिवाय त्यातल्या दोघी ज्यांच्या शेतावर कापणीला होत्या, तो मालक दुसऱ्या उमेदवाराचा माणूस. नावं फलकावर लागतात हे कळल्यावर त्या नको म्हणाल्या. मतदार यादी घेऊन आम्ही संध्याकाळपर्यंत दुसरी दोन नावं शोधत होतो. २९ तारखेला दुपारी मी त्याला फोन केला तेव्हा तो शेतात होता. आठ झाले होते.